मदतनीस ते प्रश्नकर्ते : हॉवर्डचे विद्यार्थी आणि अमेरिकन मानसशास्त्र

अमेरिकेतील महाविद्यालयांत एक जुनी रीत आहे. मानसशास्त्राचा प्राध्यापक एखादे संशोधन हाती घेतो तेव्हा त्याच्याबरोबर बी.ए.च्या वर्गातले काही विद्यार्थी मदतनीस म्हणून काम करतात. प्रयोगासाठी माणसे बोलावणे, त्यांना सूचना वाचून दाखवणे, उत्तरे टिपून घेणे, तपासलेल्या चाचण्यांचे प्राप्तांक तक्त्यात भरणे, टेपवरची बोलणी कागदावर उतरवणे ही त्यांची कामे. बहुतेकदा या कामाला पगार नसतो. मिळतो तो अनुभव, प्राध्यापकाचा सहवास आणि पुढच्या प्रवेशासाठी एक शिफारसपत्र. हे शिफारसपत्र साधे नव्हे. पीएच.डी.च्या प्रवेशाच्या वेळी गुणपत्रिकेइतकेच, कधी कधी त्याहून अधिक, त्याचे वजन पडते. तेव्हा हे स्वयंसेवेचे काम म्हणजे ज्ञानक्षेत्राच्या वाड्याचा उंबरठाच होय. जो उंबरठ्यापर्यंत पोहोचतो, त्यालाच आत जाता येते.

आपल्या समाजाला बिनपगारी काम नवे नाही. गावकीची कामे करणाऱ्या महाराला रोजंदारी नव्हती. १८७४ च्या वतन कायद्याने बांधलेल्या त्या कामात दिवस-रात्र नव्हती आणि नकाराला जागा नव्हती. त्या जोखडातून माणसे सुटावीत म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल आणले. वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. म्हणून 'विनामूल्य सेवा' हा शब्द ऐकला की आपले कान टवकारतात. वेठ आणि स्वयंसेवा यांत श्रम सारखेच असतील, पण दोन गोष्टींचा फरक आहे. एक, नाही म्हणण्याचा अधिकार. दुसरी, त्या श्रमातून कोणते दार उघडते ती. वेठीचे दार पुन्हा वेठीतच उघडत असे. संशोधनातल्या मदतनिसाचे दार ज्ञानाकडे उघडू शकते. 'शकते' असेच म्हणावे लागेल, कारण ते सर्वांसाठी सारखे उघडत नाही. आणि उघडले तरी आत गेलेल्याला प्रश्न विचारू देतातच असे नाही.

या दाराचा इतिहास अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहण्यासारखा आहे. तो आपल्यालाही काही शिकवतो.

१

मानसशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत प्रयोगातल्या दोन माणसांना दोन नावे आहेत. जो प्रयोग करतो तो प्रयोगकर्ता आणि ज्याच्यावर प्रयोग होतो तो प्रयुक्त. शब्दच बोलका आहे. एक करणारा, दुसरा वापरला जाणारा. अमेरिकन मानसशास्त्राच्या पहिल्या काही दशकांत कृष्णवर्णीय माणूस जवळजवळ केवळ प्रयुक्त म्हणूनच त्या शास्त्रात आला.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सैन्यभरतीच्या वेळी बुद्धिमापन चाचण्या घेतल्या. रॉबर्ट यर्क्स या मानसशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली १९१७-१८ मध्ये सुमारे साडेसतरा लाख जवानांची परीक्षा झाली. लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी 'आल्फा' आणि न येणाऱ्यांसाठी 'बीटा' अशा दोन चाचण्या होत्या. कृष्णवर्णीय जवानांचे सरासरी प्राप्तांक कमी आले. मग पुढची काही वर्षे विद्वानांनी पुस्तकांमागून पुस्तके लिहून एकच निष्कर्ष काढला : काळा माणूस जन्मतःच मंदबुद्धीचा आहे. जे काम आपल्याकडे स्मृतिग्रंथांनी केले, ते तेथे तक्ते आणि आलेख करू लागले. धर्माने सांगितलेली विषमता आता शास्त्राच्या भाषेत बोलू लागली होती.

या निष्कर्षाला पहिली सणसणीत उत्तरे देणाऱ्यांत होरेस मान बाँड हा अगदी कोवळा तरुण होता. तो नुकताच, १९२३ साली, लिंकन विद्यापीठातून पदवीधर झाला होता. १९२४ साली 'क्रायसिस' या नियतकालिकात, म्हणजे डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्या संपादनाखाली निघणाऱ्या मासिकात, त्याने सैन्याचेच आकडे घेऊन दाखवून दिले की, उत्तरेकडील काही राज्यांतील कृष्णवर्णीय जवानांचे प्राप्तांक दक्षिणेकडील काही राज्यांतील गोऱ्या जवानांपेक्षा वरचढ आहेत. मग बुद्धी वर्णाबरोबर जाते की शाळेबरोबर? बाँडने नवा प्रयोग केला नव्हता. विरोधकाचेच तक्ते त्याने दुसऱ्या डोळ्यांनी वाचले. शिकलेल्या कृष्णवर्णीयांनी आता गप्प बसू नये, स्वतः तपास करावा, असा त्याचा आग्रह होता. प्रयुक्ताने प्रयोगकर्त्याचा कागद हातात घेऊन वाचायला सुरुवात केली, ती ही अशी.

२

पण कागद वाचायला शिकवणार कोण? गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे बहुतेक बंद होती. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय महाविद्यालयांत मानसशास्त्र शिकवले जाई ते प्रामुख्याने शिक्षक घडवण्यापुरते. प्रयोगशाळा, उपकरणे, संशोधनाचा पैसा यांची नावे नकोत. अशा स्थितीत वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात एक माणूस येऊन बसला : फ्रान्सिस सेसिल सम्नर.

सम्नरचा जन्म १८९५ साली आर्कान्सा राज्यातील पाइन ब्लफचा. त्याला नीट माध्यमिक शाळा मिळाली नाही. वडिलांनी घरीच वाचायला-लिहायला शिकवले. त्या बळावर तो लिंकन विद्यापीठात शिरला आणि १९१५ साली पदवीधर झाला. पुढे क्लार्क विद्यापीठात (या विद्यापीठाच्या नावाचा पुढे येणाऱ्या क्लार्क पति-पत्नींशी काही संबंध नाही) जी. स्टॅन्ले हॉल यांच्या हाताखाली शिकत असतानाच त्याला महायुद्धासाठी सैन्यात भरती करून फ्रान्सला धाडण्यात आले. परत येऊन त्याने १९२० साली फ्रॉइड आणि अ‍ॅडलर यांच्या मनोविश्लेषणावर प्रबंध पुरा केला. मानसशास्त्रात पीएच.डी. मिळवणारा तो अमेरिकेतील पहिला कृष्णवर्णीय.

१९२८ साली तो हॉवर्डला आला आणि १९३० साली मानसशास्त्राचा विभाग तत्त्वज्ञानापासून वेगळा झाला. संशोधनासाठी त्याला पैसा मिळत नसे. मग त्याने दुसरा मार्ग धरला. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश या भाषांतील हजारो शोधनिबंधांचे सारांश त्याने इंग्रजीत करून दिले. ज्याला प्रयोगशाळा नाकारली गेली, तो साऱ्या जगातल्या प्रयोगशाळांचा वाचक झाला आणि ते वाचन त्याने वर्गात आणले.

सम्नरची सगळीच मते आपल्याला पटणार नाहीत. १९२० च्या दशकात त्याने कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या शिक्षणाचे समर्थन केले होते. इतिहासाचा विरोधाभास असा की, त्याच्याच विभागात घडलेले विद्यार्थी पुढे वेगळ्या शाळांच्या पायाखाली सुरुंग लावणार होते. शिक्षकाची मते आणि शिक्षकाने दिलेली शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिष्य शिस्त घेतो आणि मते मागे ठेवतो. ज्याने असा शिष्य घडवला, तोच खरा गुरू.

३

केनेथ क्लार्क हा त्या वर्गातला विद्यार्थी. जन्म १९१४, पनामा कालव्याच्या पट्ट्यात. आई मिरियम मुलांना घेऊन न्यूयॉर्कला आली, शिवणकामाच्या कारखान्यात राबली आणि कामगार संघटनेत उभी राहिली. केनेथ हॉवर्डला आला तेव्हा डॉक्टर व्हायचे त्याच्या मनात होते. सम्नरच्या वर्गात बसल्यावर त्याचा बेत बदलला. माणसे माणसांशी अशी का वागतात, हा प्रश्न त्याला शरीरशास्त्रापेक्षा निकडीचा वाटला. विद्यार्थी असतानाच तो आणि त्याचे सोबती संसदभवनातील उपाहारगृहात कृष्णवर्णीयांना मज्जाव होता त्याविरुद्ध निदर्शने करायला गेले होते. देशाचे कायदे जेथे होतात, त्याच इमारतीत काळ्या माणसाला जेवायला बसता येत नव्हते. हॉटेलात वेगळी कपबशी असण्याचा अनुभव ज्यांनी घेतला, त्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. १९३५ साली केनेथ बी.ए. झाला, १९३६ साली एम.ए. झाला आणि तेथेच शिकवू लागला.

मेमी फिप्स १९३४ साली, सतराव्या वर्षी, हॉवर्डला आली. आर्कान्सातील हॉट स्प्रिंग्ज येथील डॉक्टरची ती मुलगी. तिला गणित आणि पदार्थविज्ञान शिकायचे होते. त्या विभागांत मुलींना उत्तेजन नव्हते. ही गोष्ट नजरेआड करता येणार नाही. कृष्णवर्णीयांच्याच विद्यापीठात, कृष्णवर्णीय मुलीला विज्ञानाचे दार अर्धेच उघडे होते. केनेथने तिला मानसशास्त्राकडे वळण्याचा सल्ला दिला. तिला मुलांसाठी काम करायची ओढ होती आणि मानसशास्त्राच्या विभागात अर्धवेळ कामही मिळण्यासारखे होते. ती बी.ए.ची विद्यार्थिनी असतानाच विभागात राबू लागली. सम्नर आणि त्याचा गोरा सहकारी मॅक्स मीनेस यांनी तिला उत्तेजन दिले. १९३८ साली ती सन्मानासह पदवीधर झाली.

त्या उन्हाळ्यात तिने आणखी एक मदतनिसाचे काम केले. चार्ल्स ह्यूस्टन या कृष्णवर्णीय वकिलाच्या कचेरीत ती सेक्रेटरी म्हणून होती. ह्यूस्टन म्हणजे हॉवर्डच्या कायदा विभागाचा माजी प्रमुख आणि थरगुड मार्शलचा गुरू. वर्णभेदाच्या कायद्यांविरुद्ध खटले कसे उभारायचे, याची खलबते त्या कचेरीत चालत. कागद टाइप करता करता, फायली लावता लावता त्या मुलीला जाणवले की, जे दगडासारखे अचल वाटते ते हलवता येते. तिने पुढे सांगितले आहे की, वर्णभेद संपू शकतो असा विश्वास तिला तेथे मिळाला.

एकीकडे मानसशास्त्राचा विभाग, दुसरीकडे वकिलाची कचेरी. दोन्हीकडे ती हाताखालची होती. पण दोन्हीकडचे काम तिच्या डोक्यात एकत्र आले. मोठ्या माणसांना ज्या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात, त्या हाताखालच्या माणसाला एका ओळीत दिसू शकतात, कारण तो दोन्हीकडे वावरलेला असतो.

४

मेमीने एम.ए.साठी विषय घेतला : बालवाडीतल्या कृष्णवर्णीय मुलांना स्वतःची जाणीव कशी होते? वॉशिंग्टनमधील वेगळ्या बालवाड्यांतील तीन ते पाच वर्षांची १५० मुले तिने तपासली. मुलांपुढे चित्रे ठेवायची. गोरा मुलगा, काळा मुलगा, सिंह, कुत्रा, विदूषक, कोंबडी. आणि विचारायचे : यात तू कोणता? साधा प्रश्न होता, पण तोपर्यंत तो काळ्या मुलाला क्वचितच कोणी विचारला होता. आतापर्यंत त्या मुलाची बुद्धी मोजली जात होती. त्याला स्वतःविषयी काय वाटते, हे विचारण्याची गरज फारशी कोणाला भासली नव्हती. प्रश्न विचारणारा बदलला की प्रश्नही बदलतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

केनेथ या कामात सामील झाला. १९३९ साली दोघांच्या नावे निबंध छापून आला. त्यामुळे रोझेनवाल्ड निधीची शिष्यवृत्ती मिळाली आणि काम वाढवता आले. या शिष्यवृत्तीचे महत्त्व विसरता कामा नये. निष्ठेने काम होते हे खरे, पण निष्ठेने आगगाडीचे तिकीट निघत नाही. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. ती नसती तर? बिनपगारी विद्वत्ता ही ज्यांच्या घरी भाकरीची चिंता नाही त्यांची चैन आहे. आपल्या माणसांच्या बाबतीत प्रत्येक पुस्तकामागे कोणाच्या तरी पोटाचा हिशेब असतो.

वाढवलेल्या कामात त्यांनी चित्रांच्या जोडीला बाहुल्या आणल्या. चार बाहुल्या, सर्व बाबतींत सारख्या, फक्त दोन गोऱ्या आणि दोन तपकिरी. तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांची तपासणी झाली. त्यांपैकी १३४ आर्कान्सातील वेगळ्या शाळांतली, तर ११९ मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या मिश्र शाळांतली. मुलाला एकेक आज्ञा करायची. तुला खेळायला आवडेल ती बाहुली दे. छान बाहुली दे. वाईट दिसते ती दे. गोऱ्या मुलासारखी दिसते ती दे. काळ्या मुलासारखी दिसते ती दे. आणि शेवटी, तुझ्यासारखी दिसते ती दे.

१९४७ साली निकाल छापले गेले. ६७ टक्के मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. ५९ टक्के मुलांनी 'वाईट' म्हणून तपकिरी बाहुली पुढे केली. वर्ण ओळखता येत नव्हता असे नाही. नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणती बाहुली गोरी व कोणती काळी हे बरोबर सांगितले. ३३ टक्के मुलांनी मात्र 'तुझ्यासारखी' म्हणून गोरी बाहुली दिली. या शेवटच्या प्रश्नाला काही मुले रडू लागली, काही खोलीबाहेर पळाली. प्रश्नांचा क्रमच तसा होता. आधी वाईट कोण ते सांगायचे आणि मग तू कोण ते सांगायचे. पाच वर्षांच्या जिवाला त्या दोन उत्तरांमधला पूल दिसत होता. एका उत्तराने तो स्वतःच दुसऱ्यात अडकत होता.

केनेथने नंतर सांगितले आहे की, हे निकाल पाहून दोघेही इतके हादरले की काही काळ ते छापायला त्यांचे मन धजेना. बाहेरच्या संशोधकाला एक आकडा सापडला असता. यांना त्या आकड्यात आपले बालपण दिसले.

५

मेमीने पीएच.डी. केली कोलंबिया विद्यापीठात, १९४३ साली. केनेथ तेथूनच १९४० मध्ये पीएच.डी. झाला होता. तिचा मार्गदर्शक होता हेन्री गॅरेट, वंशभेद मानणारा, कृष्णवर्णीयांच्या बुद्धीविषयी हीन मते बाळगणारा. ती त्याच्याकडेच शिकली. पदवी हाती आल्यावर तिला नोकरी मिळाली ती दुसऱ्यांनी गोळा केलेली आकडेवारी तपासत बसण्याची. डॉक्टरेट असलेली स्त्री पुन्हा मदतनिसाच्या खुर्चीवर! उंबरठा ओलांडून आत गेले तरी आतही उंबरठे असतात. शेवटी १९४६ साली क्लार्क दांपत्याने हार्लेममध्ये नॉर्थसाइड नावाचे बालमार्गदर्शन केंद्र स्वतःच उभे केले.

१९५१ साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे वकील मानसशास्त्राचा पुरावा शोधत केनेथकडे आले. त्याने दक्षिण कॅरोलिनातील क्लॅरेंडन परगण्यात जाऊन, ज्यांच्या पालकांनी खटला घातला होता त्या भागातली १६ मुले बाहुल्यांनिशी तपासली. १० मुलांनी गोरी बाहुली पसंत केली. ११ मुलांनी तपकिरी बाहुली वाईट म्हटली. चार्ल्स्टनच्या न्यायालयात त्याने ही साक्ष दिली.

१९५२ साली व्हर्जिनियातील खटल्यात राज्याच्या बाजूने साक्षीला उभा राहिला तो हेन्री गॅरेट. वेगळ्या शाळांनी काळ्या मुलांचे काही बिघडत नाही, असे कोलंबियाचा हा विभागप्रमुख शपथेवर सांगत होता. त्याला उत्तर द्यायला दुसऱ्या बाजूने बोलावली गेली त्याचीच विद्यार्थिनी डॉ. मेमी क्लार्क. तिने गुरूच्या विधानाचा प्रतिवाद केला. आपल्याकडे एकलव्याकडून अंगठा मागून घेतला गेला. येथे शिष्येने अंगठा दिला नाही, साक्ष दिली.

त्याच १९५२ साली जून महिन्यात कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. एकाच विद्यापीठाच्या छताखाली भारतीय संविधानाचा शिल्पकार गौरवला जात होता आणि वर्णभेदाचा शास्त्रीय वकीलही नांदत होता. ज्ञानपीठे ही अशीच असतात. ती पवित्र नसतात आणि अस्पर्शही नसतात. तेथे जाऊन लढावे लागते. बाबासाहेबांना अमेरिकेतल्या या लढ्याचे भान होते. १९४६ साली त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते आणि संयुक्त राष्ट्रसंघापुढे कृष्णवर्णीयांनी मांडलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या.

१७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्याचा निकाल लागला. वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. न्यायमूर्तींनी आपल्या निकालाच्या अकराव्या तळटीपेत ज्या सामाजिक शास्त्रज्ञांचा आधार दिला, त्यांत पहिले नाव केनेथ क्लार्कचे होते. मेमीचे नाव त्या तळटीपेत नव्हते. ज्या प्रश्नापासून हे सारे सुरू झाले तो तिचा होता, तरी इतिहासाच्या कागदावर ती पुन्हा नवऱ्याची मदतनीस झाली. केनेथने मात्र वारंवार सांगितले की, हे काम मुळात मेमीचे. आणि सम्नर? तो जानेवारी १९५४ मध्येच वारला होता. आपल्या विभागात काय पेरले गेले, त्याचे पीक पाहायला तो चार महिने कमी जगला.

६

येथे थांबून जयजयकार करणे सोपे आहे. परंतु चिकित्सेशिवाय इतिहास लिहिणे म्हणजे पोथी लिहिणे होय.

बाहुल्यांच्या प्रयोगावर तेव्हाच टीका झाली. उत्तरेतील मिश्र शाळांतल्या मुलांनीही गोरीच बाहुली निवडली होती, किंबहुना थोडी अधिकच प्रमाणात. मग दोष वेगळ्या शाळेचा कसा? विरोधी वकिलांनी हा मुद्दा उचलला. केनेथचे म्हणणे असे की, दक्षिणेतले मूल हीनत्व निमूट गिळते, उत्तरेतले मूल त्याने अस्वस्थ होते. म्हणजे रोग शाळेच्या भिंतीपेक्षा मोठा आहे. हे खरेच आहे, पण न्यायालयापुढे फक्त शाळेचा प्रश्न होता.

याहून खोल टीका नंतरच्या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी केली. काळ्या मुलाला मनाने मोडलेला असे दाखवून मिळवलेला न्याय किती काळ टिकणार? त्याच्या जखमेचा पुरावा दिला, पण त्याच्या ताकदीचा पुरावा कोणी दिला? जखमा मोजल्या त्या काळ्या मुलाच्या. पण गोऱ्या मुलाच्या मनात तिरस्कार कोणी घातला, त्याची चाचणी झाली का? हा प्रश्न आपल्या साहित्यालाही विचारता येतो. 'बलुतं' १९७८ साली आले आणि त्यानंतर आत्मकथनांची ओळच लागली. त्या वेदनेने मराठी वाचक हळहळला. हळहळ आणि हक्क यांत अंतर आहे. वेदनेचा पुरावा आवश्यक आहे, परंतु तो पुरावा मागणाऱ्याचीही तपासणी झाली पाहिजे.

आणि मदतनिसाची दुसरी बाजूही आहे. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्याने अलाबामातील टस्कीगी भागात सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंशाचा अभ्यास केला. त्यांपैकी ३९९ जणांना रोग होता. औषध उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना देण्यात आले नाही. हे मानसशास्त्र नव्हे, वैद्यक आहे. पण संशोधनचमूत आपला माणूस कशासाठी घेतला जातो, याचे ते भयानक उदाहरण आहे. त्या गरीब शेतमजुरांना घरोघर जाऊन गोळा करणारी, त्यांचा विश्वास सांभाळणारी परिचारिका यूनिस रिव्हर्स ही स्वतः कृष्णवर्णीय होती. तिच्यावाचून तो अभ्यास चाळीस वर्षे चालला नसता. तिला खलनायिका ठरवण्याचे कारण नाही. तिने त्या माणसांची मायेने काळजीही घेतली. पण तिला प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता. मेमी फिप्स आणि यूनिस रिव्हर्स या दोघीही मदतनीस. एकीला स्वतःचा प्रश्न मांडता आला आणि त्यातून कायदा हलला. दुसरीला दुसऱ्याच्या प्रश्नासाठी आपली माणसे आणून द्यावी लागली. केवळ चमूत प्रवेश मिळाला म्हणजे मुक्ती झाली, असे मानणाऱ्यांनी या दोन चरित्रांकडे एकत्र पाहावे.

७

ब्राउन निकालानंतरही मानसशास्त्राचे दार किती उघडले? १९२० ते १९६६ या काळात अमेरिकेतील दहा अग्रगण्य मानसशास्त्र विभागांनी साडेतीन हजारांहून अधिक पीएच.डी. पदव्या दिल्या. त्यांपैकी कृष्णवर्णीयांना मिळाल्या ८. त्या दहांतल्या सहा विभागांनी एकही दिली नाही. १९६८ साली सॅनफ्रान्सिस्को येथे कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी आपली वेगळी संघटना काढली. आणि १९६९ साली वॉशिंग्टनला, मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अधिवेशनात, कृष्णवर्णीय विद्यार्थी थेट व्यासपीठावर चढले. अध्यक्ष जॉर्ज मिलर यांचे भाषण व्हायचे होते. विषय होता मानवकल्याणासाठी मानसशास्त्र. विद्यार्थ्यांनी आधी आपल्या मागण्या वाचल्या. कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि शिक्षक घ्या, आर्थिक मदतीची सोय करा, आणि कृष्णवर्णीय वस्त्यांत प्रत्यक्ष काम करून शिकण्याची संधी द्या.

ही शेवटची मागणी आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. अनुभव हा शिक्षणाचा भाग आहे, मग तो ज्याला फुकट राबणे परवडते त्याच्यापुरताच का राहावा? आणि तो अनुभव प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेतच का मिळावा, आपल्या माणसांच्या वस्तीत का मिळू नये? विद्यार्थी दान मागत नव्हते, कामाची जागा मागत होते. पुढच्याच काळात, १९७०-७१ साठी, त्याच संघटनेचा पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष झाला तो केनेथ क्लार्क.

हा इतिहास परक्यांचा नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावच तिकडून घेतले होते. पण घोषणांबरोबर तिकडच्या वर्गखोल्यांचा आणि छोट्या विभागांचा इतिहासही आपण घेतला पाहिजे. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' ही योजना राबवून विद्यार्थ्याच्या श्रमाला मोल दिले. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय उघडले, ते आपल्या मुलांनी नुसत्या परीक्षा पास व्हाव्यात म्हणून नव्हे. श्रमाला मोल आणि बुद्धीला स्वातंत्र्य या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच मदतनिसाचा संशोधक होतो.

आमच्या वस्त्यांत प्रश्नावल्या घेऊन पुष्कळ लोक येऊन गेले. घर किती खोल्यांचे, पाणी कोठून भरता, मुले शाळेत जातात का. त्या प्रश्नावल्या भरून घ्यायला आमचीच मुले बरोबर असतात, कारण वस्ती त्यांना ओळखते. घरे ती दाखवतात, भाषा ती समजावतात, उत्तरे ती आणतात. अहवालाच्या प्रस्तावनेत त्यांचे आभार मानलेले असतात. त्या मुलांना आता एवढेच सांगायचे आहे. काम सोडू नका. पाहणी कशी करतात, आकडे कसे मांडतात, ते सारे शिकून घ्या, आणि केलेल्या कामाचा मोबदला मागा. मात्र प्रश्नावली हातात आली की ती भरण्याआधी एकदा पूर्ण वाचा. यात कोणता प्रश्न नाही, ते शोधा. जो नाही, तो तुमचा.